नंबर फाइव्ह घ्यायचंय, पण पाचातलं कुठलं?

प्रश्न : ताई, भाऊ दुबईहून गणपतीला येतोय. काय आणू विचारलं तर मी म्हणलं शनेल नंबर फाइव्ह परफ्यूम आण, आयुष्यात एकदा तरी वापरायचंय. तर त्याने दुकानातून फोटोच पाठवला, एक नाही पाच प्रकार. पार्फम, ईडीपी (ओ द पार्फम), ईडीटी (ओ द त्वालेत), ओ प्रमिएर आणि नुसतंच लो (L'Eau). बाटल्या बघायला सगळ्या बहिणी-बहिणी. मी म्हणते सगळ्यात स्ट्राँग तेच घ्यावं म्हणजे पैसे वसूल, तर पार्फमच ना? रोजचा प्रवास डोंबिवली ते सीएसएमटी, बँकेत नोकरी, दिवसभर एसी.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं थांब, भावाला आत्ताच कार्ड काढायला लावू नकोस. तुझ्यासारखाच हिशोब बहुतेक सगळे करतात, की ईडीटी म्हणजे पातळ, ईडीपी म्हणजे त्याच्याहून घट्ट आणि पार्फम म्हणजे अर्कच, वास तोच, फक्त जोर कमी-जास्त. ढोबळमानाने सुगंधी तेलाचं प्रमाण तसं चढत जातं हे खरंय, पण नंबर फाइव्हच्या बाबतीत हे पाच वेगवेगळ्या काळात तीन वेगवेगळ्या माणसांनी बनवलेले पाच वेगळे वास आहेत, त्यामुळे स्ट्राँग कुठलं हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही.

बघ, मूळचं पार्फम १९२१ चं, एर्नेस्त बो नावाच्या परफ्यूमरने बनवलेलं. हा मॉस्कोत जन्मलेला आणि तिथल्या राले या परफ्यूम कंपनीत काम केलेला गडी, रशियन क्रांतीनंतर फ्रान्सला आला. त्याने फॅशन डिझायनर कोको शनेलपुढे १ ते ५ आणि २० ते २४ असे नंबर टाकून नमुने ठेवले, तिने पाचवा उचलला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पार्फम छोट्या बाटलीत येतं, बोटाने किंवा काचेच्या झाकणाने टिपून लावायचं. जाई आणि गुलाब यात सगळ्यात भरीव. ती जाई दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासची, १९८७ पासून तिथल्या पेगोमास गावच्या मूल कुटुंबाशी कंपनीचा करारच आहे. पण गंमत अशी की हे सगळ्यात 'स्ट्राँग' पार्फम अंगासरशी राहतं. तासन् तास टिकतं पण चार हातांवरच्या माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे डब्यातल्या बायकांनी वळून बघावं अशी इच्छा असेल तर पार्फम घेऊन पस्तावशील, आणि स्वतःच्या मनगटाला नाक लावून सुख मिळवायचं असेल तर याच्यासारखं दुसरं नाही.

ईडीटीपण जुनीच, १९२०च्या दशकातली, एर्नेस्त बोनेच केलेली. ती कोरडी, चमकदार, पावडरी, थोडी लाकडासारखी. हिला मी सगळ्यात करारी म्हणेन. ईडीपी मात्र चक्क १९८६ ची, शनेलचा नंतरचा परफ्यूमर जाक पोल्ज याने केलेली, आणि ती त्या दशकासारखीच आहे, गोलसर, गोड, खाली व्हॅनिला आणि चंदन, खोलीत तुझ्या आधी पोचणारी. लग्नकार्याला, थंडीत, संध्याकाळी सुंदर. मे महिन्यात आठ-बाविसच्या फास्टला मारून चढलीस तर बाजूची बाई खिडकी शोधेल, आता तुझं तू ठरव.

आता ओ प्रमिएर. हीही पोल्जचीच, २००७-०८ च्या सुमाराची. नावात 'ओ' म्हणजे पाणी, पण लेबल नीट वाच, त्यावर ओ द पार्फम छापलेलं असतं! म्हणजे कागदावर ती ईडीटीपेक्षा वरच्या पायरीवर आणि नाकाला मात्र ईडीटीपेक्षा कितीतरी मऊ नि हलकी. जुन्या वासाचे कोपरे घासून गुळगुळीत केलेत. आणि लो ही २०१६ ची, जाकचा मुलगा ऑलिव्हिए पोल्ज याची, लिंबू-संत्रं-मँडरीन वर, खाली देवदाराचं लाकूड आणि पांढरी मस्क, म्हणजे कृत्रिम कस्तुरी. सगळ्यात तरुण, सगळ्यात लवकर उडणारी.

तुझं वर्णन वाचून मी ओ प्रमिएर सांगेन. एसीत हवा बंद असते, तिथे ईडीपी दुपारपर्यंत डोक्यात जाते. पण माझ्या नाकावर एवढे पैसे लावू नकोस. मुंबईत काउंटर आहेत, एखाद्या शनिवारी जा, एका मनगटावर ओ प्रमिएर आणि दुसऱ्यावर ईडीपी, बास, तिसरं नको. मनगटं एकमेकांवर घासू नकोस. सेल्सगर्ल कागदाची पट्टी देईल, ती घे पण पट्टीवर ठरवू नकोस, आणि लगेच बिल तर अजिबात करू नकोस, बाहेर पड, चहा पी, ट्रेन पकड, आणि घरी पोचेपर्यंत मनगटावर जे उरलंय ते आवडलं तरच भावाला मेसेज कर. कारण पहिल्या दहा मिनिटांचा वास दुकानात विकला जातो आणि पुढचे पाच तास आपण घालवतो.

प्रश्न : मैत्रिणीकडे लो आहे, ते मला जाम आवडतं. म्हणून ओरिजिनल अजून भारी असेल असं समजून मॉलमध्ये ईडीटी मारून बघितली तर सरळ साबणाचा वास! आणि मधेच काहीतरी मेणासारखं. माझं नाक गंडलंय की टेस्टर खराब होता?
— एक वाचक, वय २३, नाशिक

उत्तर : दोन्ही नाही. ते आल्डिहाइड. ही कारखान्यात बनवलेली द्रव्यं, नंबर फाइव्हमध्ये वरच्या वासाला चमक येते ती यांच्यामुळे, फुलांचा गोडवा जड होऊ देत नाहीत. नुसती हुंगलीस तर विझवलेल्या मेणबत्तीचा वास येतो, म्हणजे तुझं नाक चांगलं तयार आहे! यातलं एक, डेकॅनल, संत्र्याच्या सालीत असतं आणि आपल्या कोथिंबिरीतही असतं, त्यामुळे अगदीच परग्रहावरची वस्तू नाहीये. बोने आल्डिहाइड पहिल्यांदा वापरली असं सर्रास लिहितात ते चूक, उबिगाँ कंपनीच्या केल्क फ्लर या परफ्यूममध्ये ती १९१२ लाच होती, बोने फक्त हात सैल सोडला.

आणि साबणाचं म्हणशील तर उलटं झालंय. नंबर फाइव्ह एवढं गाजलं की पुढे कित्येक दशकं साबण, पावडर, क्रीमवाल्यांनी तसाच वास आपापल्या मालात घातला, म्हणून आपण ओरिजिनल हुंगतो आणि आपल्याला साबण आठवतो. तुझ्या आजीला विचार, तिला हा वास श्रीमंत वाटेल.

लो मध्ये ही आल्डिहाइडची चमक बरीच खाली आणलीय आणि वर लिंबूवर्गीय फळं घातलीत, म्हणून तुला ते आवडलं. तेव्हा ओरिजिनल आवडलंच पाहिजे असलं काही डोक्यात घेऊ नकोस, लो घे आणि खुशाल मिरव. फक्त ते आपल्या उन्हात लवकर उडतं, आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून त्यावर मार, थोडं जास्त टिकेल. अधलीमधली पायरी हवीच असेल तर ओ प्रमिएर हुंगून बघ. त्यात इलांग-इलांगचं फूल छान कळतं. ते झाड सीताफळाच्या कुळातलं, आपला हिरवा चाफाही त्याच कुळातला, तो आवडत असेल तर तुझं जमेल बहुतेक.

प्रश्न : माझ्या आईला १९७८ साली लग्नात मामांनी लंडनहून नंबर फाइव्ह आणून दिलं होतं. तळाशी थोडं उरलंय, अजून तिच्या कपाटात आहे. तिच्या साठीनंतरच्या एका वाढदिवसाला मी इथून ईडीपी घेऊन गेले. तिने लावलं, हसली, आणि म्हणाली, छान आहे गं, पण हे ते नाही. मला वाटलं कंपनीने फसवलं. खरंच बदललंय का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या आईंचं नाक शाबूत आहे, आधी हे त्यांना कळवा. १९७८ ची बाटली ईडीपी असूच शकत नाही, ती आली १९८६ ला. म्हणजे मामांनी आणलं ते बहुतेक पार्फम किंवा ईडीटी, आणि तुम्ही नेलं ते दुसऱ्याच माणसाने बनवलेलं दुसरंच काहीतरी. जुन्या बाटलीवरचं लेबल व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, अक्षरं पुसली नसतील तर तिथेच उत्तर मिळेल.

बाकी बदललंय हेही खरं. पूर्वी यात जवादी मांजराची कस्तुरी असायची, ती खरी वापरणं कंपनीने १९९८ ला बंद केलं. नायट्रो मस्क नावाच्या जुन्या कृत्रिम कस्तुऱ्या होत्या, त्यातल्या काहींवर युरोपात बंदी आली. हे सगळं तळाचं सामान, अंगाची ऊब यावी तसा वास देणारं, ते बदललं की जुन्या माणसाला लगेच कळतं. आणि तुमच्याकडची बाटलीही आता तशी राहिलेली नाही बरं का, एवढ्या वर्षांत वरचे लिंबू-आल्डिहाइडचे वास उडाले असणार आणि खालचं जड तेवढं उरलं असणार, म्हणजे आईंना जे आठवतंय ते आज त्या बाटलीतही पूर्ण नाही.

पुन्हा द्यायचं असेल तर पार्फमची सगळ्यात छोटी बाटली द्या. सगळ्या रेंजमध्ये तेच त्यातल्या त्यात जवळ जातं. आणि ईडीपी परत घेऊन या, तुम्हालाच वापरा, न्यू जर्सीच्या थंडीत ती मस्त लागेल.

प्रश्न : इन्स्टावर एक जण नंबर फाइव्ह अर्ध्या किमतीत देतोय, 'शंभर टक्के ओरिजिनल, बॉक्सशिवाय'. खरं कसं ओळखायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्ध्या किमतीवरूनच ओळखायचं. पण पार्फमच्या बाटलीची एक खूण सांगते, बघायलाही देखणी असते. तिच्या मानेला पातळ पापुद्रा ताणून वर काळा दोरा हाताने गुंडाळलेला असतो आणि त्यावर मेणाचा शिक्का. हे फक्त पार्फमला, स्प्रेच्या बाटल्यांना नाही, तेव्हा ईडीपीला दोरा नाही म्हणून खोटी ठरवू नका. स्प्रेवाल्यांसाठी बाटलीचा कोड आणि खोक्यावरचा कोड जुळवून बघायचा, आणि तुमच्या या माणसाकडे खोकंच नाही! सोडा. हौस असेल तर ओळखीच्या डीकँटवाल्याकडून (मोठ्या बाटलीतून थोडं थोडं काढून विकणाऱ्याकडून) पाच मिली घ्या, महिनाभर वापरा, मग ठरवा.

प्रश्न : पैठणीवर मारलं तर चालेल का?
— एक वाचक, येवला

उत्तर : येवल्याहून हा प्रश्न! नाही हो. रेशमावर अल्कोहोल आणि तेलाचा डाग पडतो, आणि पार्फमला तर स्वतःचा पिवळसर रंगच असतो. साडी नेसायच्या आधी मानेला, कोपराच्या खोबणीत लावा, पूर्ण वाळू द्या, मग नेसा.