सायलेन्सरच्या धंद्यात मुलीला घालावे का?

बारामतीच्या एका पालकांनी लिहिले आहे की, त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून, चाकणच्या एका कंपनीत कॅम्पस मुलाखतीतून तिची निवड झाली आहे. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या यंत्रणेचे, इतर भाग तयार होतात. ‘सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक होणार असतील, तर या नोकरीत तिने पाय टाकावा की एम. टेक. करावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे. बॅटरीवरच्या गाडीला धूरच नसल्यामुळे तिला कन्व्हर्टरही लागत नाही, आणि रिक्षा व स्कूटर यांच्याबाबत हा बदल आपल्या डोळ्यांसमोर घडतो आहे. डिझेल कारचेही दिवस पूर्वीचे राहिलेले नाहीत. मारुतीने तर एप्रिल २०२० मध्ये, बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू होताच, डिझेल कार विकणे थांबवले. म्हणून ही कंपनी केवळ दुचाकी आणि छोट्या कार यांच्यावर अवलंबून असेल, तर मी सावधच राहीन.

पण धूर फक्त कारमधून निघत नाही. ट्रक, जेसीबीसारखी बांधकाम यंत्रे, मोठे ट्रॅक्टर आणि सोसायट्यांच्या आवारातले जनरेटर यांचे धुराचे नियम अलीकडेच कडक झाले आहेत: जनरेटरसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४+ हे निकष जुलै २०२३ पासून, तर बांधकाम यंत्रांसाठी निकषांचा पाचवा टप्पा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. चाळीस टनांचा ट्रक किंवा शेतात दिवसभर राबणारे यंत्र बॅटरीवर चालवणे कारइतके सोपे नाही, त्यामुळे या बाजूची मागणी एवढ्यात ओसरेल असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कंपनीची उलाढाल पाहून भुलू नये. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, आणि त्यांची किंमत बऱ्याचदा कंपनीच्या वहीतून नुसती पुढे सरकते, म्हणजे जेवढी मोजली तेवढीच ग्राहकाकडून वसूल होते. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव आकाशाला भिडला आणि पुढच्या दोन वर्षांत एक चतुर्थांशाच्याही खाली आला. तेव्हा आकडे फुगले आणि मग आटले, पण शॉप फ्लोअरवरचे काम होते तेवढेच राहिले.

खरा प्रश्न कंपनीचा नसून विभागाचा आहे. कन्व्हर्टर कापून पाहिला, तर आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट दिसते, जिच्या एका चौरस इंचात साधारण चारशे छिद्रे असतात. ती वीट आणि बाहेरचे पोलादी कवच तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून दोघांच्या मध्ये तंतूंची मॅट दाबून बसवतात. वीट अशी कवचात बसवण्याच्या, म्हणजे कॅनिंगच्या लाईनवर आणि वेल्डिंगवर सहा महिने काढणे उपयोगाचे, पण सहा वर्षे काढणे नुकसानीचे ठरेल. त्याउलट धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या ट्रकच्या एससीआर यंत्रणेत युरियाचे द्रावण कमी फवारले तर नायट्रोजन ऑक्साइड सुटतात, जास्त फवारले तर अमोनिया सुटतो आणि पाईपमध्ये पांढरे खडे धरतात. ही मात्रा बसवण्याचे कॅलिब्रेशन, सेन्सर आणि चाचणी यांचे काम जो शिकतो, त्याला बॅटरीच्या थर्मल विभागातही मागणी असते. शिवाय युरोपच्या युरो-७ नियमांत ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली असून त्यातून इलेक्ट्रिक गाड्या सुटलेल्या नाहीत, म्हणजे प्रदूषण मोजणाऱ्या माणसाचे काम धूर संपल्यावरही संपत नाही.

तेव्हा मुलीने नोकरी घ्यावी आणि एम. टेक. दोन वर्षांनी, विषय नेमका कळल्यावर करावे. चाचणी आणि उत्सर्जन या क्षेत्रांत पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे नाव मोठे आहे, त्यांच्या अभ्यासक्रमांची चौकशी तिने आत्तापासूनच करून ठेवावी. रुजू होण्यापूर्वी एचआरला तिने स्वतः, आपण नव्हे, एवढेच विचारावे की प्रशिक्षणानंतर तिची नेमणूक उत्पादनात होणार की टेस्टिंगमध्ये, आणि उत्तर ई-मेलवर मागून घ्यावे.