हमीपत्राचं राहू द्या, आधी तारीख पाहा

बडोद्यात रोज सकाळी एकत्र पोहणाऱ्या अकरा जणांनी पुण्याच्या एका टूर कंपनीतर्फे डेन्मार्कची सहल केली. 13 डिसेंबर 2023 च्या संध्याकाळी, सेंट लुसियाच्या सणाला, कोपनहेगनच्या कालव्यांतून कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायची होती. माहितीपत्रकात नवख्यांसाठी सराव, सोबत गाइड आणि ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख) कबूल होता. प्रत्यक्षात हमीपत्राच्या एका फॉर्मवर सह्या घेतल्या, लाइफ जॅकेट चढवले आणि सगळ्यांना पाण्यात सोडले. दांडिया बाजारातल्या एका वाचकांची कयाक उलटली. दोन रात्री हॉस्पिटलात गेल्या, बिल खिशातून भरावे लागले. आता ते विचारतात, ‘अपघात झाल्यास कंपनी जबाबदार नाही’ यावर सही केली आहे, तर दावा चालेल का?

पॅराग्लायडिंगवाले, ट्रेकवाले, सगळे हेच विचारतात. त्या सहीने तुमचे किती बिघडेल हे ग्राहक आयोगासमोर ठरेल. छापील फॉर्मवर सही घेतली म्हणून कबूल केलेला ड्रायसूट न देण्याची मुभा मिळते, असे मला वाटत नाही. पण फॉर्मची प्रत तुम्ही पाठवलेली नाही, त्यामुळे याहून पुढे बोलत नाही.

तुमचा जीव अडकला आहे तो तारखेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चे कलम 69 सांगते की तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडले 13 डिसेंबर 2023 ला. हे लिहितोय तेव्हा नोव्हेंबर 2025 चा पहिला आठवडा चालू आहे. आणि कॅलेंडर बघा, येता 13 डिसेंबर हा दुसरा शनिवार आहे. सुट्टीमुळे पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येते, हा वाद घालता येईल, पण घालायची वेळ का आणता? शुक्रवार, 12 तारीख हीच शेवटची समजा.

तुम्ही लिहिता की कंपनीने ‘आम्ही जबाबदार नाही’ असा मेल यंदा जूनमध्ये पाठवला, म्हणून दोन वर्षे तिथून मोजावीत. नाही. सेवेत कसूर झाली कालव्यावर, त्या संध्याकाळी. त्यानंतरच्या पत्रव्यवहाराने मुदत लांबत नाही. ‘बघतो’, ‘वरिष्ठांशी बोलतो’, ‘दिवाळीनंतर फोन करा’ हे मेसेज कंपन्या उगाच पाठवत नाहीत. एका मेसेजमध्ये त्यांनी काही रक्कम द्यायची तयारी दाखवली होती म्हणता. त्याचा उपयोग होईलही, पण त्यावर विसंबून राहू नका. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, मात्र त्यासाठी सबळ कारण लागते. ‘ग्रुपचे एकमत होत नव्हते’ हे कारण मी कुठल्याही आयोगासमोर तोंड वर करून सांगू शकणार नाही.

या एकमताचेच मला नवल वाटते. तुम्ही पाण्यातून निघालात त्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते, तेव्हा 18 जानेवारी 2024 ला आपल्याच बडोद्यातल्या हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. अख्खे शहर लाइफ जॅकेट आणि सुरक्षेबद्दल बोलत होते, उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. तेव्हाही तुमचे कागद कपाटातच होते!

तर ग्रुपची वाट पाहू नका. बुकिंग ग्रुपप्रमुखाच्या नावे असले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच. सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करायची तर आयोगाची परवानगी लागते, आणि इजा तुम्हाला एकट्याला झाली आहे. एकट्याने दाखल करा. सहलीसाठी भरलेले तुमच्या वाट्याचे पैसे पाच लाखांच्या आत आहेत, म्हणजे फी शून्य. ‘वाद फक्त पुण्यातच’ या छापील ओळीला घाबरू नका. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ही सोय कलम 34 मध्ये आहे. बडोद्यातच करा, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून. आधी वकिलाची नोटीस पाठवायलाच हवी, असे हा कायदा म्हणत नाही. नोटिशीत पंधरा दिवस घालवाल तर डिसेंबर दारात येईल.

एक खाचखळगा. कोणीतरी हौशी सल्लागार ‘हा करारच अनुचित आहे’, म्हणजे त्याच्या अटीच एकतर्फी आहेत, अशी मुख्य मागणी लिहायला सांगेल. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे, म्हणजे अहमदाबादला जाते. तुम्ही ‘सेवेतील कसूर’ एवढेच धरून चाला. माहितीपत्रक, पैसे भरल्याच्या पावत्या, हॉस्पिटलचे डॅनिश कागद भाषांतरासह जोडा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे, प्रमाणपत्र लागेल. तोवर फोन बदलू नका.

तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कलम 38 म्हणते. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतील, त्याची मनाशी तयारी ठेवा.

विमा कंपनीने ‘साहसी खेळ’ म्हणून दावा नाकारल्याचे तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिले आहे. नकारपत्राची तारीख दिलेली नाही. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नकारानंतर एका वर्षात जावे लागते. ते पत्र शोधा आणि तारीख आजच कळवा.