मेटागेमिंगला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. तो आणि त्याचे मित्र मिळून एक ऑनलाइन रोलप्ले सर्व्हर चालवतात. खेळणारे पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे, शिवाय काही सावंतवाडी-कुडाळकडचे. सर्व्हरचे नियम मराठीत लिहायला घेतले आणि 'मेटागेमिंग' या शब्दापाशी गाडं अडलं. आपापसात ते 'मेटा करू नको' म्हणतात, पण नव्याने आलेल्याला त्यातून काहीच उलगडत नाही. एकाने 'अधिक्रीडा' सुचवलं, दुसऱ्याने सरळ 'लबाडी' लिहा म्हटलं. यातलं काय घ्यावं, की तिसरंच काही आहे?

मला विचाराल तर 'पात्रबाह्य माहिती' हा शब्द घ्यावा. दोष दाखवायचा असेल तेव्हा 'पात्रबाह्य माहितीचा वापर' लिहावं, आणि बोलताना 'बाहेरचं आत आणू नको' एवढं पुरे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी मूळ गोष्ट सांगतो. रोलप्लेमध्ये संगणकापुढे बसलेला खेळाडू वेगळा आणि पडद्यावर तो जे पात्र वागवतो ते वेगळं. समजा, खेळातल्या शहरात एकजण पोलीस झाला आहे. त्याचा दोस्त त्याच शहरात तस्कर आहे. डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाबाहेरच्या गप्पांच्या ॲपवर, दोस्त सहज बोलून जातो, 'आज रात्री धक्क्यावर माल उतरवतोय.' दहा मिनिटांत पोलिसाची गाडी धक्क्यावर हजर. त्या पोलिसाला ना कुणी खबर दिली, ना त्याने काही पाहिलं. कळलं ते खेळाडूला, आणि वागलं पात्र. कुणी दुसऱ्याचा खेळ थेट प्रक्षेपणात बघून त्याची लपायची जागा हुडकतो. कुणी पात्राच्या डोक्यावर तरंगणारं नाव वाचून अनोळखी माणसाला नावाने हाक मारतो. सगळे एकाच जातीचे प्रकार, आणि यालाच मेटागेमिंग म्हणतात.

हा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा आहे. 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. त्यात ट्रोल नावाचा राक्षस आहे. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. आगीने किंवा आम्लाने केलेली जखम तेवढी भरत नाही. खेळाडूने राक्षसांची माहिती वाचलेली असते. पण त्याचं पात्र म्हणजे काल गावाबाहेर पडलेला मेंढपाळ. त्याने ट्रोल दिसताक्षणी तलवार टाकून मशाल उचलली, की बाकीचे विचारणार: तुला रे हे कुणी सांगितलं?

आता शब्दांकडे येऊ. 'अधिक्रीडा' बांधणाऱ्याने 'मेटा'साठी 'अधि' घेतला आहे. त्यात व्याकरणाची चूक नाही. पण मराठीत क्रीडा म्हटलं की मैदान डोळ्यांपुढे येतं: क्रीडांगण, क्रीडा महोत्सव, वर्तमानपत्राचं क्रीडा पान. 'अधिक्रीडेस बंदी' असं वाचून जास्त वेळ खेळायला मनाई आहे असंच कुणालाही वाटेल. शिवाय खुद्द 'मेटा' या शब्दानेच आधी गोंधळ घातलेला आहे. स्पर्धेच्या ऑनलाइन खेळांत 'सध्याचा मेटा' म्हणजे या घडीला सर्वांत जास्त चालणारी खेळण्याची तऱ्हा, आणि 2021पासून ते एका बड्या कंपनीचंही नाव झालं. त्या शब्दाचं भाषांतर करत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष घडतं काय, ते सांगणारा शब्द बरा.

'लबाडी' मला अजिबात पटत नाही. पात्राला ठाऊक नसलेलं काही ना काही प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतंच. तो काही गुन्हा नव्हे, तो या खेळाचा स्वभाव आहे. बरं, पुष्कळदा हे नकळतही होतं. कधी सगळ्यांच्या संमतीने बाहेरची माहिती कामाला येते: चार पात्रांनी एकत्र प्रवास करावा म्हणून खेळाडू आपल्या संशयी पात्राला थोडं मऊ करतो, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. लबाडी म्हणायचीच तर भिंतीपलीकडचं दाखवणारा हॅक लावणाऱ्याला म्हणावी. माहितीचं नाव वेगळं आणि तिच्या गैरवापराचं नाव वेगळं ठेवलं, तर नियम वाचणारा पहिल्याच ओळीला आरोपी होत नाही.

'भूमिकेबाहेरची माहिती' असंही करता आलं असतं. पण भूमिका हा शब्द आज पक्षांनी आणि सरकारांनी पार व्यापून टाकला आहे. 'भूमिका स्पष्ट करा', 'भूमिका बदलली' हे इतकं कानावर पडतं, की 'भूमिकेबाहेर' म्हटल्यावर नाटक आठवतच नाही. पात्राचं तसं नाही. 'पात्र' आणि 'नट' ही जोडी मराठीत अजून शाबूत आहे. आणि 'बाह्य' जोडायची सवय आपल्या हाताला आहेच: शाळाबाह्य मुलं, विषयबाह्य चर्चा, घटनाबाह्य निर्णय. त्यामुळे 'पात्रबाह्य' पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही समजतो.

याला जुना आधारही आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. रंगमंचावर बोललेलं कुणी ऐकायचं, याचा विचार आपल्याकडे बारकाईने झालेला आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या ग्रंथात संवादाचे तीन प्रकार केले आहेत: सर्वश्राव्य, नियतश्राव्य आणि अश्राव्य. सगळ्या पात्रांनी ऐकायचं ते सर्वश्राव्य, म्हणजे उघड बोलणं, ज्याला 'प्रकाश' म्हणतात. कुणीच ऐकायचं नाही ते अश्राव्य, म्हणजे आपलं स्वगत. ठरावीक पात्रांनीच ऐकायचं ते नियतश्राव्य. जनांतिक आणि अपवारित हे त्याचे दोन पोटभेद. जनांतिक बोलताना नट त्रिपताका हस्त आडवा धरतो, म्हणजे तीन बोटं सरळ आणि अनामिका वाकवलेली. त्या हाताच्या पलीकडे उभ्या असलेल्या नटाला प्रत्येक अक्षर ऐकू येत असतं. त्याच्या पात्राला मात्र काहीही ऐकू आलेलं नसतं, आणि पुढचं वाक्य त्याने त्या न ऐकलेल्या माणसाचंच बोलायचं असतं. रोलप्ले सर्व्हरचा नियम याहून वेगळा काय आहे?

आपल्या भागात तर हे जत्रेच्या रात्री बघायला मिळतं. पेडण्याकडच्या दशावतारी काल्यात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कामं वाटली जातात आणि बोलणं जागच्या जागी सुचतं. म्हणूनच मला हा प्रकार रोलप्लेच्या सर्वांत जवळचा वाटतो. लिखित नाटकात नटाला बांधून ठेवायला संहिता असते, इथे कुणीच नाही. कीचकवधाचं आख्यान घ्या. अंधारात द्रौपदीच्या जागी भीम बसला आहे, हे कीचकाचं काम करणाऱ्याला पक्कं माहीत असतं. घटकेपूर्वी दोघे रंगपटात शेजारी बसून तोंड रंगवत होते. एखादं वाक्य फिरवून तिथून सटकणं त्याच्या हातात आहे. पण तो मिशीला पीळ देत, लाडात येऊन, मरायलाच आत शिरतो. त्याचं अज्ञान जितकं सच्चं, तितका प्रेक्षक भीमाच्या हाताची वाट बघतो. कीचक दारातच थबकला तर भीमाचं काम करणाऱ्यालाही पुढे काही करायला उरत नाही. पोलिसाची गाडी धक्क्यावर अवेळी पोचते, तेव्हा तस्कराचं काम करणाऱ्या दोस्ताची तीच गत होते. त्याने आखलेला सगळा प्रसंग फुकट जातो.

या शब्दाच्या शेजारचे दोन दोष नियमांत वेगळे ठेवा. पात्र वागवता वागवता मध्येच 'अरे थांब, आई जेवायला हाक मारतेय' असं पात्राच्याच तोंडून बोलणं हा पात्रभंग. त्यात माहिती चोरलेली नसते, फक्त सोंग सुटलेलं असतं. आणि समोरच्याला उत्तर द्यायची संधीच न देता 'मी तुला बांधलं, तू बेशुद्ध पडलास' असं परस्पर ठरवून टाकणं, ज्याला पॉवरगेमिंग म्हणतात, ती बळजबरी. तिथे 'बळजबरी' हाच शब्द चालेल. त्याला संस्कृत साज चढवायची गरज नाही.

'बाहेरचं आत आणू नको' याबद्दल एक खुलासा. आपल्याकडे 'बाहेरचं' म्हटल्यावर बाधाही आठवते, 'त्याला बाहेरचं लागलंय' या अर्थाने. खेळाच्या बोलण्यात त्याने घोटाळा होणार नाही, पण लेखी नियमात 'पात्रबाह्य'च ठेवावं. कलम साधारण असं लिहिता येईल:

'मेटागेमिंग, म्हणजे पात्रबाह्य माहितीचा वापर, करू नये. जे तुमच्या पात्राने खेळात पाहिलं, ऐकलं किंवा शोधून काढलं नाही, ते त्याला माहीत नाही असं धरूनच त्याला वागवावं. डिस्कॉर्डवरचं बोलणं, थेट प्रक्षेपण आणि पडद्यावर दिसणारी नावं ही पात्रबाह्य माहिती समजली जाईल.'

'मेटागेमिंग' हा शब्द पहिल्या ओळीत एकदा राहू द्या. तुमचे खेळाडू उद्या दुसऱ्या सर्व्हरवर जातील, तिथे त्यांना तोच भेटणार आहे. पुढच्या सगळ्या कलमांत मात्र मराठी शब्दच वापरा, तरच तो तोंडी रुळेल.