हिवाळी ऑलिंपिकच्या आइस हॉकीसाठी देशांचे संघ कसे पात्र ठरतात?

पुरुषांच्या स्पर्धेत 12 संघ असतात. त्यातल्या 8 जागा थेट जागतिक क्रमवारीवरून ठरतात, आणि यजमान देशाला एक जागा हक्काची. 2026 साठी 2023 च्या जागतिक स्पर्धेनंतरची क्रमवारी धरली होती, म्हणजे जवळपास तीन वर्षं आधीच बहुतेकांचं भवितव्य ठरलेलं.

या क्रमवारीत मागच्या चार वर्षांची कामगिरी मोजतात, पण सारख्या वजनानं नाही. ताज्या वर्षाचे गुण पूर्ण, त्याआधीच्या वर्षाचे 75 टक्के, मग 50, मग 25. त्यामुळे एखादं वर्ष हातचं गेलं तरी संघ लगेच गडगडत नाही. मला ही पद्धत मनापासून पटते.

खरी चुरस उरलेल्या 3 जागांसाठी असते. खालच्या क्रमांकाचे देश आधीच्या फेऱ्यांतून झगडत वर येतात. शेवटच्या फेरीत चार-चार संघांचे तीन गट, प्रत्येक संघाला तीनच सामने, आणि गटातला फक्त पहिला पुढे जातो. दुसरा आला की घरी! 2024 मध्ये स्लोव्हाकिया, लाटव्हिया आणि डेन्मार्क असे आत आले. 2022 च्या बीजिंगसाठीही याच तिघांनी हाच रस्ता पार केला होता. डेन्मार्कनं तर तेव्हा ओस्लोत जाऊन नॉर्वेला त्यांच्याच बर्फावर मागे टाकलं. छोट्या देशासाठी हे फार मोठं आहे.

दरवर्षीच्या जागतिक स्पर्धेचं गणित वेगळं: तिथे 16 संघ, दोन गट, प्रत्येक गटातला तळाचा खालच्या विभागात उतरतो आणि तिथले पहिले दोन वर येतात.