पालक हिरवागार आहे, मग माती कशाला तपासायची?

प्रश्न : जळगाव शहराला लागून दीड एकर मळा आहे. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला नाला. उन्हाळ्यात नाल्याचंच पाणी मोटारीनं घेतो. बांधापलीकडे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचं दुकान होतं. आता गिऱ्हाईक विचारतं, मातीत शिसं आहे का? पण पालक, मेथी तर हिरवीगार शे, आणि सॉइल हेल्थ कार्डही चांगलं आलंय. मग काळजी कशाची?

उत्तर : राम राम दादा. हिरवेपणावर जाऊ नका. माणसाला बाधेल एवढं कॅडमियम (शिशासारखाच विषारी धातू) पानात साठलं तरी पीक टवटवीत दिसू शकतं. कार्ड खतांच्या हिशेबासाठी असतं. त्यात जस्त, लोह, तांबं दिसतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती त्या दुकानाची वाटते. बॅटरीच्या प्लेटा शिशाच्या. फोडताना भुकटी आजूबाजूला पडते, आणि शिसं कुजत नाही की पाण्याबरोबर फारसं खाली उतरत नाही. दुकान उठलं तरी ते वरच्या वीतभर थरात बसून राहतं. हायवेचंही तेच. शिसंयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण त्याआधीचं शिसं कडेच्या मातीत आहे; टायर झिजून जस्त आणि ब्रेकमधून तांबं आजही पडतंच. रस्त्यापासून आत गेलात की हे भराभर कमी होतं. नाल्यात काय येतं ते वरच्या अंगाला कोण काय सोडतं त्यावर. प्लेटिंगचं, म्हणजे धातूला मुलामा द्यायचं काम असेल तर क्रोमियम, निकेल येणार.

आपली काळी, चुनखडीची जमीन मात्र उपकारी. सामू (pH) ८ च्या आसपास असला की शिसं, कॅडमियम, निकेल हे धातू मातीला धरून राहतात, मुळांना कमी मिळतात. म्हणून मोबाईलवर 'चुना टाका' वाचलं असेल तर टाकू नका, तो आम्ल जमिनीचा उपाय आहे. पण नाल्याचं पाणी बहुधा खारट असतं, आणि त्यातल्या क्लोराईडमुळे कॅडमियम मोकळं होऊन पिकात जातं. जमिनीत जस्त कमी असेल तर आणखी जातं. कार्डात जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. हा खर्च तसाही वाया जात नाही.

नमुना सगळ्या मळ्याचा एकत्र करू नका, सरासरीत दोष लपतो. दुकानाचा बांध, रस्त्याकडेचा पट्टा, नाल्याकडची बाजू आणि मधला भाग, असे चार वेगळे घ्या, १५ सेंटिमीटरपर्यंतचे. जस्ताचं घमेलं नको. लाकडी काठीनं उकरून प्लास्टिकच्या बादलीत घ्या. प्रयोगशाळेत धातूंची नावं लिहून द्या, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशचाच कागद परत मिळेल.

अहवाल येईपर्यंत त्या बांधालगत आणि रस्त्याकडेला पालेभाजी नको. वांगी, गिलकी, दोडकी लावा. पानापेक्षा फळात हे धातू कमी उतरतात. शिसं तर मुळांपेक्षा पानावरच्या धुळीतूनच जास्त पोटात जातं. तेव्हा नाल्यात जुड्या धुणं आजपासून बंद, विहिरीच्या पाण्यानं धुवा. आणि दुकानाजवळच्या पट्ट्यात सध्या नांगर घालू नका. तिथली माती फाळाबरोबर साऱ्या मळ्यात पसरेल.