अमेरिकन सैन्यातल्या लॅटिना महिलांचा वेगळा सन्मान कशासाठी?

तुम्ही विचारलंय, "नेतृत्व आणि सेवेसाठी लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाच्या महिलांना वेगळे पुरस्कार का? गणवेश अंगावर चढला की सगळे सारखेच ना?"

मी बरीच वर्षं टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत राहते. हे लष्करी गाव आहे आणि शेजारपाजार बहुतेक मेक्सिकन वंशाचा, म्हणून हा प्रश्न मलाही पडला होता. आता मला वाटतं की हा वेगळा सन्मान हवाच. कारण नोंदीच नीट झालेल्या नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या लोकांची मोजदाद काही प्रमाणात झाली. बाकीच्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांसाठी मात्र कागदावर वेगळा रकाना नव्हता, बहुतेकांची नोंद 'गोरे' अशीच व्हायची. त्यात बाईचं लग्नानंतर आडनाव बदलायचं, म्हणजे नावावरून माग काढायची वाटही बंद. त्या युद्धात नेमक्या किती लॅटिना होत्या, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कार्मेन कॉन्ट्रेरास-बोझॅक यांचंच घ्या. जन्म १९१९ चा, पोर्तो रिकोतल्या काये गावचा. महिलांच्या सैन्यदलात दाखल झालेल्या पहिल्या हिस्पॅनिक म्हणून आज त्यांचं नाव घेतात. जानेवारी १९४३ मध्ये त्या अल्जीअर्सला पोचल्या. मित्रराष्ट्रांचे सेनापती आयझेनहॉवर यांचं मुख्यालय तिथेच होतं, आणि या बाई टेलिटाइपवर (तारेने मजकूर पाठवणाऱ्या टंकयंत्रावर) बसून सांकेतिक संदेश पाठवायच्या. तेव्हा महिलांचं हे दल लष्कराचा भाग नव्हतं, नुसतं 'सहायक' होतं. शत्रूच्या हाती लागल्या तर युद्धकैद्याचं संरक्षण नाही, परदेशी सेवेचा जादा पगार नाही, विमा नाही. हे सगळं माहीत असून त्या समुद्र ओलांडून गेल्या. दलाला लष्कराचा पूर्ण दर्जा मिळाला तो त्याच वर्षीच्या जुलैत. १९४४ मध्ये पोर्तो रिकोतून महिलांची एक तुकडी उभी राहिली, तेव्हा साधारण २०० जागांसाठी हजाराहून जास्त जणींनी अर्ज केले. निवडलेल्यांना न्यूयॉर्क बंदरातल्या लष्करी कचेऱ्यांत काम मिळालं. कारकुनी काम म्हणून ते कुणी लक्षात ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पदकांकडे बघा. ज्यू आणि हिस्पॅनिक सैनिकांना भेदभावामुळे सर्वोच्च शौर्यपदक नाकारलं गेलं का, हे तपासण्याचा आदेश अमेरिकन संसदेने २००२ च्या सुमारास दिला. जुनी प्रकरणं उघडली गेली आणि मार्च २०१४ मध्ये २४ जणांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. सगळे पुरुष. हे पदक आजवर एकाच बाईला मिळालंय, यादवी युद्धातल्या डॉक्टर मेरी वॉकर यांना. थेट लढाईची कामं महिलांना खुली करायचा निर्णय २०१३ चा, आणि एकूण एक पदं खुली झाली २०१६ पासून. जिथे उभं राहायचीच परवानगी नव्हती, तिथलं पदक मिळणार कसं? म्हणून नेतृत्वाची आणि सेवेची वेगळी दखल घ्यावी लागते.

नेतृत्वाचं म्हणाल तर अँजेला सलिनास. १९७४ मध्ये त्या मरीन कोअर या अमेरिकेच्या नौसैनिक दलात अगदी खालच्या पायरीवर भरती झाल्या. २००६ मध्ये ब्रिगेडियर जनरल झाल्या, त्या दलातल्या पहिल्या हिस्पॅनिक महिला जनरल. सॅन दिएगोच्या मरीन प्रशिक्षण केंद्राचं नेतृत्व करणारी पहिली बाईही त्याच.

आणि जोहानी रोसारियो पिचार्डो. डोमिनिकन कुटुंबातली, वय २५. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळाच्या फाटकावर अफगाण बायका-मुलांची तपासणी करत होती. ते काम पुरुष सैनिकांना करता येत नव्हतं. २६ तारखेच्या स्फोटात मारल्या गेलेल्या १३ अमेरिकन सैनिकांत ती होती. त्या सगळ्यांना संसदेचं सुवर्णपदक जाहीर झालं, ते कुटुंबांच्या हाती आलं २०२४ मध्ये.

व्हेनेसा गियेन या तरुण सैनिकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२० मध्ये टेक्ससमधल्याच फोर्ट हूडच्या लष्करी तळावर तिचा खून झाला. त्याआधी तिचा लैंगिक छळ झाला होता आणि वरिष्ठांनी काही केलं नव्हतं, हे लष्कराच्याच चौकशीत निघालं. घरच्यांनी लढा दिला, तिच्या नावाने कायद्यात बदल झाले. त्या तळाच्या एका फाटकाला तिचं नाव आहे. मला विचाराल तर ती जिवंत असताना कुणी तिचं ऐकलं असतं, तर तो सन्मान याहून मोठा होता.

इथल्या लॅकलंड तळावर हवाई दलाच्या नव्या भरतीचं प्रशिक्षण होतं. शेजारणीच्या नातीच्या दीक्षान्त संचलनाला मीही गेले होते. संचलन संपलं तरी मुलं सावधानमध्ये ताठ उभी. आपलं माणूस येऊन खांद्याला हात लावेल, तेव्हाच हलायचं अशी रीत. शेकडो मुलं, एकसारखे कपडे, एकसारख्या टोप्या. आजी काठी टेकत रांगेमागून रांग बघत चालली होती, छातीवरची आडनावं वाचत. अर्ध्या मैदानापर्यंत गेल्यावर थांबली, काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात नातीच्या खांद्यांवर ठेवले.