डेस्टिनीची पुढची गोष्ट पुस्तकात वाचायला मिळेल का?

तू विचारलंस की ‘स्टारगेट युनिव्हर्स’ ही अंतराळातली टीव्ही सिरीज चवथीच्या सुट्टीत बघून संपवली, शेवटी डेस्टिनी जहाजावरचे सगळे झोपवलेले, तो तरुण पोरगा एली एकटा जागा, आणि तिथंच सिरीज बंद, तर आता पुढचं कोणी कादंबरीतून लिहील का, थांबण्यात अर्थ आहे का. आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. पुढची गोष्ट सांगणारी कादंबरी आलेली नाही आणि तिच्यासाठी वाट बघत बसू नको. पण नुसतं ‘नाही’ म्हणून उठावं असा हा विषय नाही, कारण बंद पडलेल्या सिरीजना पुस्तकांनी खरोखर जगवलंय, आणि ते कधी होतं, कधी होत नाही हे एकदा नीट समजलं की कुठल्या सिरीजची आशा धरायची ते तुझं तुलाच कळेल.

तुला काय लागलंय ते कळतं मला. दोन सीझन, चाळीस एपिसोड, डिसेंबर २०१० मध्ये चॅनलनं बंद करतोय म्हणून जाहीर केलं तेव्हा दुसऱ्या सीझनचं शूटिंग उरकलेलं होतं, मग शेवट बदलणार कसा, ९ मे २०११ ला आहे तोच शेवट दाखवला. देवळात कीर्तनाला बसावं, बुवांनी पूर्वरंग रंगवावा आणि उत्तररंगाला हात घालायच्या आधीच उठून चालू पडावं तसं झालं ते. त्यात तो शेवट वाईट असता तर माणूस विसरून तरी गेला असता. एक झोपेचं कपाट बिघडलेलं, हवा दोन आठवडे पुरेल एवढीच, तेवढ्यात दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर संपलं, आणि हा पोरगा काचेपाशी उभा राहून हसतोय. इतकं सुंदर सोडलेलं टोक आहे की कोणालाही वाटेल, हे पकडून कोणीतरी लिहायलाच हवं.

या सिरीजवर अधिकृत पुस्तक म्हणशील तर जेम्स स्वॅलोचं ‘एअर’, पण ती पहिल्याच भागांची कादंबरी आहे, पुढचं त्यात काही नाही. २०१७ पासून ‘बॅक टू डेस्टिनी’ म्हणून कॉमिक आलं, ते मात्र एलीपासूनच पुढे सुरू होतं, चित्रं चालत असतील तर बघ. त्या मानानं आधीच्या स्टारगेट सिरीजचं, म्हणजे ‘अटलांटिस’वाल्यांचं नशीब बरं. ती सिरीज शंभर भागांनंतर जानेवारी २००९ मध्ये संपली, पुढे सिनेमा काढायचं ठरलेलं ते बारगळलं, आणि मग फँडमोनियम या प्रकाशनानं २०१० पासून ‘लेगसी’ नावाची अख्खी मालिका काढली, सहावा सीझन असता तर जसा असता तशी. शेवटच्या भागात अटलांटिस शहर सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रात येऊन बसतं ना, त्याच्यानंतरची गोष्ट, आणि त्यातल्या शास्त्रज्ञ मॅकेचं त्यात जे काय होतं ते मी सांगणार नाही, पण टीव्हीवर ते दाखवायची कोणाची छाती झाली असती असं मला वाटत नाही.

मग एकाला मिळालं, दुसऱ्याला का नाही? मुळात ही पुस्तकं लेखकाच्या मनात आलं म्हणून निघत नाहीत. पात्रं स्टुडिओची. प्रकाशक आधी स्टुडिओकडून लायसन्स विकत घेतो, मग लेखकाला काम देतो, लेखकानं आधी नुसता आराखडा पाठवायचा, तो तिकडून पास व्हायला हवा, मग पूर्ण हस्तलिखित पाठवायचं, तेही पास व्हायला हवं, आणि एवढं सगळं करून पुस्तकाचा हक्क लेखकाकडे राहत नाही, स्टुडिओकडेच जातो. म्हणजे कोणीतरी आधी हिशोब घालायला हवा की हे लायसन्सचे पैसे सुटतील इतके लोक घेतील का. ‘अटलांटिस’च्या मागे पाच सीझनचा वाचक उभा होता, ‘युनिव्हर्स’च्या मागे दोन सीझनचा, आणि त्यातले अर्धे जुने स्टारगेटवाले तिच्यावर नाराज. माझ्या मते कारण एवढंच आहे. परवानगीशिवाय लिहिलं तर काय होतं बघायचं असेल तर स्टीव्हन ब्रस्टचं उदाहरण घे, चांगला नावाजलेला फँटसी लेखक, त्यानं ‘फायरफ्लाय’ या बंद पडलेल्या अंतराळ सिरीजवर पूर्ण कादंबरी लिहिली, ती अधिकृत म्हणून घेतली गेली नाही, शेवटी २००८ मध्ये त्यानं ती इंटरनेटवर फुकट ठेवली. नाव असलेल्या माणसाची ही गत.

आता माझं खरं म्हणणं सांगतो, ते बऱ्याच लोकांना आवडत नाही. आपण एका दमात दोन गोष्टी मागतो, पुस्तकं येऊ देत आणि सिरीजही परत येऊ दे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पुस्तकांना मोकळं रान मिळतं ते मालकानं त्या गोष्टीकडे पाठ फिरवलेली असते तेव्हाच. सिरीज परत यायची शक्यता असेल तर स्टुडिओ पुस्तकाला मोठं काही करूच देत नाही, कोणाला मारायचं नाही, कोणाचं लग्न लावायचं नाही, जे आहे ते सगळं शेवटी होतं तिथं आणून ठेवायचं.

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या जुन्या सिरीजचं बघ. १९८९ च्या डिसेंबरमध्ये शेवटचा भाग लागला आणि बीबीसी गप्प बसली. १९९१ पासून व्हर्जिन या प्रकाशनानं त्याच्या नव्या कादंबऱ्या काढायला घेतल्या आणि पूर्वी काहीही छापून न आलेल्या लोकांची हस्तलिखितंसुद्धा वाचायला घेतली. पॉल कॉर्नेल तिथूनच आला, त्याची पहिली कादंबरी त्यानं आधी फॅन म्हणून लिहिलेल्या गोष्टीवरूनच बेतलेली होती. मार्क गॅटिस तिथलाच. आणि १९९६ मध्ये त्याच मालिकेत ‘डॅमेज्ड गुड्स’ लिहिणारा रसेल टी डेव्हिस, त्यानंच २००५ मध्ये सिरीज टीव्हीवर परत आणली! कॉर्नेलची १९९५ ची ‘ह्यूमन नेचर’ तर २००७ मध्ये टीव्हीवर दोन भागांत झाली, नायक डॉक्टर स्वतः कोण आहे ते विसरून साधा शाळामास्तर होऊन राहतो ती गोष्ट, आजही लोक सगळ्यात चांगल्या भागांत तिचं नाव घेतात. चौदा-पंधरा वर्षं ही गोष्ट मुख्यतः कागदावर जगली आणि कागदावरूनच परत पडद्यावर गेली. माझ्या दृष्टीनं याच्यापेक्षा मोठं उदाहरण नाही.

आणि याची दुसरी बाजू ‘स्टार ट्रेक’. त्यातली ‘डीप स्पेस नाइन’ ही सिरीज १९९९ ला संपली, २००१ पासून पुढची गोष्ट पुस्तकांत सुरू झाली, मग बाकीच्या सिरीजची पुस्तकं त्यात जोडली गेली आणि वीस वर्षांत एवढं मोठं जग उभं राहिलं की काही वाचकांना तेच खरं वाटायचं. मग २०२० मध्ये ‘पिकार्ड’ ही नवी टीव्ही सिरीज आली आणि तिनं वेगळंच काही सांगितलं. झालं. २०२१ मध्ये ‘कोडा’ नावाची तीन पुस्तकं काढून त्या सगळ्या जगाचा शेवट केला, त्यातलं मधलं पुस्तक त्याच जेम्स स्वॅलोचं. निदान निरोप तरी नीट दिला म्हणायचं. ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या कादंबऱ्यांना २०१४ मध्ये ‘लेजंड्स’चा शिक्का मारून बाजूला सारलं, तिथं तेवढंही झालं नाही.

मग ही पुस्तकं फुकट गेली का? अजिबात नाही, आणि इथं मला एक पुस्तक जरा जवळून दाखवायचंय. ‘स्टार ट्रेक’चीच ‘एंटरप्राइज’ ही सिरीज २००५ मध्ये चौथ्या सीझननंतर बंद केली आणि शेवटच्या भागात ट्रिप टकर या जहाजाच्या इंजिनिअरला मारला, ते इतकं घाईनं आणि इतक्या फालतू कारणासाठी की फॅन अजून त्यावर चिडून बोलतात. तो भाग सरळ घडत नाही, दोनशेएक वर्षांनंतरचा रायकर, दुसऱ्या ‘ट्रेक’ सिरीजमधला अधिकारी, होलोडेकवर, म्हणजे खोटं जग खऱ्यासारखं उभं करणाऱ्या खोलीत, जुना इतिहास बघतोय असा दाखवलाय. २००७ मध्ये अँडी मँगल्स आणि मायकल मार्टिननी ‘द गुड दॅट मेन डू’ लिहिताना नेमकं तेच धरलं. सुरुवातीला म्हातारे झालेले जेक सिस्को आणि नॉग, ‘डीप स्पेस नाइन’मधले दोघे दोस्त, बाहेर तुफान पाऊस, आणि नुकत्याच खुल्या झालेल्या गुप्त नोंदी समोर, आणि दोघांच्या लक्षात येतं की रायकरनं पाहिला तो इतिहास बनावट होता. ट्रिप त्या दिवशी मेलाच नाही, मरण्याचं नाटक रचलं आणि चेहरा बदलून तो रोम्युलन या शत्रूच्या लोकांत हेर म्हणून गेला. टीव्हीवरचं एकही दृश्य पुसलं नाही, रायकरनं पाहिलं ते पाहिलंच, फक्त ते कोणी आणि कशासाठी तयार केलं असेल एवढाच प्रश्न विचारला. वाचताना मी अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या. फॅनचं दुःख समजून घेऊन केलेलं असं काम बघितलं की ते पुढे कोणी अधिकृत मानलं नाही तरी मला काही फरक पडत नाही.

‘फायरफ्लाय’बद्दल पण विचारलेलंस. चौदा भाग बनले, २००२ मध्ये फॉक्सनं अकराच दाखवून बंद केली, २००५ ला सिनेमा झाला, आणि टायटन या प्रकाशनाच्या कादंबऱ्या यायला २०१८ उजाडलं. चांगल्या आहेत, कॅप्टन मालचं बोलणं बरोबर पकडलंय, पण सुरुवातीच्या सगळ्या सिनेमाच्या आधीच्या काळात बसवलेल्या, म्हणजे जुनी माणसं परत भेटतात, गोष्ट पुढे जात नाही. तुला पुढचंच हवं असेल तर निराश होशील, नुसती सोबत हवी असेल तर जरूर घे.

‘बॅबिलॉन ५’च्या तीन त्रयी मात्र वेगळ्या, कारण त्यांचे आराखडे त्या सिरीजचा निर्माता खुद्द स्ट्रॅझिन्स्कीनं दिलेले. त्यातल्या लोंडोच्या राज्याचं पुढे काय झालं ते पीटर डेव्हिडनं ‘सेंटॉरी प्राइम’मध्ये पूर्ण सांगितलंय, आणि तिच्यातून निघालेली ‘क्रुसेड’ तेरा भागांत गुंडाळली गेली त्यातला गॅलेन तुला आवडला असेल तर जीन कॅव्हेलोसची टेक्नोमेज त्रयी वाच. पुस्तक घेताना हेच आधी बघायचं, मूळ निर्मात्याचा हात आहे का. असेल तर डोळे मिटून घे.

आणि ज्यांना अर्धवट टोकाचा एवढा त्रास होतो त्यांनी ‘द एक्स्पान्स’ धरावी, तिथं पुस्तकंच आधीची. सिरीज २०२२ मध्ये सहा सीझनवर थांबली, पुस्तकं नऊ, शेवटची तीन तशीच्या तशी तुझ्यासाठी शिल्लक, मध्ये तीसेक वर्षांची उडी आहे त्यामुळे सुरुवातीला जरा चुकल्यासारखं होईल, रेटून वाच.

‘युनिव्हर्स’चं म्हणशील तर स्टारगेटचे हक्क एमजीएम स्टुडिओबरोबर २०२२ मध्ये ॲमेझॉनकडे गेले. एवढा मोठा मालक असली गोष्ट विसरत नाही, आणि मघाशी म्हटलं तसं विसरला नाही तर पुस्तकवाल्यांना रान मोकळं नाही. म्हणून म्हणतो थांबू नको, तूच लिही. खरंच सांगतोय. कॉर्नेलनं तेच केलं होतं. एलीचे ते दोन आठवडे, एकटा माणूस, रिकामं जहाज, बिघडलेलं कपाट, रोज कमी होणारी हवा, याला जास्त पात्रंसुद्धा लागत नाहीत. मराठीत लिही, विकू नको, आपल्यात वाचायला दे, मी पहिला वाचीन आणि जिथं पटणार नाही तिथं सांगेन.

तोवर वाचायला ‘लेगसी’चं पहिलं पुस्तक ‘होमकमिंग’ ई-बुक म्हणूनच घे, छापील प्रत मागवलीस तर इथल्या पावसात दोन जूनमध्ये बुरशी धरते, माझ्या कपाटातल्या जुन्या पेपरबॅकची पानं फुगून तशीच झालीयत. ‘द गुड दॅट मेन डू’ची माझी प्रत अजून ठीक आहे. फोंड्याहून पणजीला येणं होत असेल तर सांग, शनिवारी मी पाटोला सेंट्रल लायब्ररीत असतो, घेऊन येतो. आधी ‘एंटरप्राइज’चा चौथा सीझन मात्र पूर्ण बघून ये, शेवटच्या भागासकट.